घोडी माजलेली नाही, तिचे पोट दुखते आहे

लग्नसराई सुरू झाली की भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या रस्त्यांवर वरातीची सजवलेली घोडी दिसू लागते. सकाळी एका गावी, रात्री दुसऱ्या गावी. मध्ये टेम्पोचा प्रवास, बँडचा दणदणाट आणि तासन्‌तास उभे राहणे. अशी घोडी तंग आवळताना कान मागे टाकते, चावायला धावते. मालक म्हणतो, "माजली आहे." मग चाबूक बसतो. पण पुष्कळदा हा माज नसतो. तिच्या जठरात व्रण, म्हणजे अल्सर, झालेले असू शकतात.

असे का होते? घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असते, मग पोटात चारा असो वा नसो. निसर्गाने या जनावराला दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडे थोडे चरण्यासाठी घडवले आहे. चारा चावताना लाळ सुटते आणि ती आम्लाचा जोर कमी करते. चावणे थांबले की लाळही थांबते. जठराच्या खालच्या भागाला चिकट स्रावाचे संरक्षण असते, वरच्या सुमारे एक तृतीयांश भागाला ते नसते. रिकाम्या पोटी घोडा पळवला किंवा नाचवला की पोट आवळले जाऊन आम्ल वर उसळते आणि ते नाजूक अस्तर पोळते. शर्यतीच्या घोड्यांची वेगवेगळ्या देशांत तपासणी झाली, तेव्हा सरावात असलेल्या दहापैकी आठ-नऊ घोड्यांपर्यंत असे व्रण आढळले आहेत.

लक्षणे ठळक नसतात, म्हणून ती निरखावी लागतात. चंदी अर्धवट टाकणे, पण कडबा खाणे, खाल्ल्यावर थोडी पोटदुखी, अंगावरची तकाकी जाणे, हळूहळू रोडावणे, दात खाणे, खरारा करताना किंवा तंग कसताना चिडणे, कामात मन नसणे. शिंगरू दात खात असेल, लाळ गाळत असेल किंवा वारंवार पाठीवर लोळत असेल तर विशेष सावध व्हावे. हीच लक्षणे दातांच्या तक्रारीत वा जंतांमुळेही दिसतात. खात्रीचे निदान लांब दुर्बीण जठरात घालूनच होते. घोडा सारखा लोळत असेल, घामाघूम झाला असेल, लीद बंद असेल, तर तो पोटशूळ समजून ताबडतोब पशुवैद्यकास बोलवावे.

प्रतिबंध मात्र मालकाच्या हातात आहे. जनावर पाच-सहा तासांहून अधिक काळ उपाशी राहू देऊ नये. तीनशे किलोच्या घोडीला रोज निदान पाच-सहा किलो कोरडा चारा हवा. आपल्याकडे दादरचा कडबा आहे, वाळलेले गवत आहे. तो दोन वेळा टाकण्याऐवजी चार-पाच वेळा, आणि रात्रीसाठीही गव्हाणीत ठेवावा. हरभरा, बाजरी, मका यांची चंदी एका वेळी अर्ध्या किलोच्या आसपास, आणि चाऱ्यानंतर द्यावी. तोबरा भरून दाणा दिल्याने ताकद येते, हा समज महागात पडतो. जादा पिष्टमय दाणा जठरात आंबून व्रणाला हातभार लावतो. वरातीपूर्वी अर्धा तास थोडा चारा, शक्य तर लसूणघास, खाऊ घालावा. त्यातील चुना आम्ल शमवतो. पाणी सतत समोर असावे.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. लांबचा प्रवास, नवी जागा आणि एकदम बदललेला खुराक हे तिन्ही व्रणाला पोषक असतात. गाडीत चाऱ्याची जाळी बांधावी, जुना खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा.

उपचार आहेत. ओमेप्रॅझोल हे औषध सहसा चार आठवडे द्यावे लागते, पण मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. माणसाच्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. लंगडण्यावरची वेदनाशामके मनाने देत राहिल्यास व्रण वाढू शकतात. आणि खुराक व कामाच्या वेळा न बदलता नुसते औषध दिले, तर दुखणे परत येते.

घोडी बोलू शकत नाही. कान मागे टाकणे हीच तिची तक्रार. पुढच्या वेळी चाबूक उचलण्याआधी एवढेच आठवावे, तिने शेवटचा घास कधी खाल्ला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)