नाव खोडले म्हणून ओळख पुसत नाही

संगणक, मोबाईल आणि मोठ्या कंपन्या यांच्यासंबंधीच्या बातम्या नियमितपणे वाचणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. एखाद्या कंपनीकडची लाखो लोकांची माहिती बाहेर गेली, विकली गेली किंवा दुसऱ्या कुणाला दिली गेली, की पाठोपाठ कंपनीचा खुलासा येतो. त्यात दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले वाक्य : ‘आपली गोपनीयता आम्हांला अत्यंत महत्त्वाची वाटते.’ दुसरे : ‘या माहितीतून नावे काढून टाकलेली असल्याने काळजीचे कारण नाही.’ पहिले वाक्य वाचून आम्हा संशोधक मंडळींत थोडा हशा पिकतो. एवढी महत्त्वाची वाटते म्हणूनच ती गोळा करून ठेवली होती, असे कुणीतरी म्हणतो आणि चहा येतो. दुसऱ्या वाक्याकडे मात्र हसून दुर्लक्ष करून चालणार नाही. ते खरे की खोटे हे तपासता येते, आणि त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते. या लेखात आपण तेवढेच करणार आहोत.

तेहतीस प्रश्नांचा खेळ

मुले एक खेळ खेळतात. एकाने मनात एखादी व्यक्ती धरायची, दुसऱ्याने फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारून ती ओळखायची. प्रश्न चांगला असेल तर प्रत्येक उत्तरासरशी शक्यता निम्म्यावर येतात. हजार मुलांच्या शाळेतला एक विद्यार्थी हुडकायला असे किती प्रश्न लागतील? २ चा दहावा घात १०२४ होतो, म्हणजे दहा प्रश्न पुरे. भारताच्या सुमारे १४० कोटी लोकसंख्येसाठी ३१ प्रश्न लागतील. आणि साऱ्या जगासाठी? २ चा ३३ वा घात जवळजवळ ८५९ कोटी आहे. जगाची लोकसंख्या याहून कमी आहे. तेव्हा अवघ्या ३३ योग्य प्रश्नांत पृथ्वीवरचा कोणताही माणूस एकटा पाडता येतो, आणि यांतला एकही प्रश्न ‘तुझे नाव काय?’ असा नसतो.

स्त्री की पुरुष, हे कळले की एक प्रश्न संपला. संपूर्ण जन्मतारीख कळली की सुमारे पंधरा प्रश्नांचे काम एकदम झाले. राहण्याचा पिनकोड कळला की आणखी चौदा. अशा रीतीने एखाद्या फॉर्मवरचे तीन साधे रकाने तेहतिसांपैकी तीसएक प्रश्नांची उत्तरे देऊन मोकळे होतात.

शाळेच्या पटावरचे गणित

हेच गणित आपल्या शाळेला लावून पाहू. समजा, शाळेत पहिली ते दहावी मिळून एक हजार मुले आहेत. दहा वर्षांच्या साधारण ३६५० जन्मतारखा आणि मुलगा-मुलगी असे दोन गट धरले, तर ७३०० खण होतात. हजार मुले या ७३०० खणांत कशीही विखुरली आहेत असे मानू. आता एका मुलीकडे पाहा. बाकीच्या ९९९ मुलांपैकी कोणतेही एक मूल तिच्या खणात न पडण्याची संभाव्यता ७२९९/७३००. सर्वच्या सर्व ९९९ तिच्या खणात न पडण्याची संभाव्यता म्हणजे याच अपूर्णांकाचा ९९९ वा घात. गणकयंत्रावर करून पाहा, उत्तर ०.८७ च्या आसपास येते. म्हणजे हजारांपैकी सुमारे ८७० मुले आपापल्या खणात एकटी आहेत. पटावरचे नाव आणि हजेरी क्रमांक खोडून फक्त जन्मतारीख व मुलगा-मुलगी ठेवले, तरी दर शंभरांतली ८७ मुले ओळखता येतात.

गाव मोठे झाले तर काय होते? भारतात १९ हजारांहून अधिक पिनकोड आहेत. त्यामुळे एका पिनकोडात सरासरी सत्तर हजार माणसे येतात. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा आणि दोन गट धरले तर ५८,४०० खण होतात. इथेही जवळपास दर शंभरांत तीस माणसे खणात एकटी सापडतात. त्यात रक्तगट, नोकरीचे ठिकाण असा एखादा रकाना वाढला, की उरलेल्यांतलेही बरेच जण उघडे पडतात.

राज्यपालांचा आजार

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची व्यवस्था पाहणाऱ्या एका आयोगाने १९९० च्या दशकात रुग्णालयांच्या भेटींची माहिती संशोधनासाठी खुली केली. नावे आणि पत्ते काढले होते, पण जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड (तिथे त्याला झिप कोड म्हणतात) तसेच ठेवले होते. राज्याचे तेव्हाचे राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी, या माहितीत कर्मचाऱ्यांची गोपनीयता सुरक्षित आहे, असा निर्वाळा दिला होता.

लटान्या स्वीनी ही तेव्हा एमआयटीत शिकणारी विद्यार्थिनी होती. राज्यपाल केंब्रिज शहरात राहतात हे सर्वांनाच ठाऊक होते. स्वीनी यांनी त्या शहराची मतदारयादी वीस डॉलरला विकत घेतली. तीत नाव, पत्ता, झिप कोड, जन्मतारीख आणि लिंग हे सारे होते. राज्यपालांच्या जन्मतारखेचे मतदार शहरात सहा निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या झिप कोडात राहणारा एकच. मग रुग्णालयाच्या माहितीतली ती ओळ शोधणे हा क्षणाचा खेळ होता. निदान आणि औषधे यांसह राज्यपालांचे आजारपण हाती आले.

या युक्तीचे मर्म नीट समजून घ्यायला हवे. रुग्णालयाच्या यादीत आजार होता पण नाव नव्हते. मतदारयादीत नाव होते पण आजार नव्हता. वेगवेगळ्या पाहिल्या तर दोन्ही याद्या निरुपद्रवी. समान रकाने जुळवून त्या शेजारी ठेवल्या की तिसरीच यादी तयार होते, जी कुणीच प्रसिद्ध केलेली नसते. पुढे स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हिशेब केला, तेव्हा हे तीन रकाने अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांना वेगळे काढतात असे दिसले. २००६ मध्ये दुसऱ्या एका संशोधकाने नव्या जनगणनेवरून मोजले तर आकडा ६३ टक्के आला. तोही काही दिलासा देणारा नाही. (आपल्या काल्पनिक शाळेचे उत्तरही ८७ आले, हा योगायोग समजावा.)

आवडीनिवडीही बोलतात

यावर कुणी म्हणेल, मग जन्मतारीख आणि पिनकोडही काढून टाका. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने तेच केले. साडेसहा लाख ग्राहकांनी तीन महिन्यांत इंटरनेटवर काय काय शोधले, अशा सुमारे दोन कोटी नोंदी तिने संशोधकांसाठी प्रसिद्ध केल्या. नावाऐवजी प्रत्येकाला फक्त एक क्रमांक दिला होता. पण माणूस शोधतो काय? आपल्या गावातला माळी, आपल्या आडनावाचे नातेवाईक, आपले दुखणे. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकाचे शोध वाचून काही दिवसांतच एका वृद्ध महिलेचे घर गाठले. कंपनीने यादी मागे घेतली, माफी मागितली, पण तोवर तिच्या प्रती जगभर पसरल्या होत्या. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही, ही जुनी म्हण संगणकाच्या काळात अधिकच खरी झाली आहे.

त्याच वर्षी नेटफ्लिक्स कंपनीने, ग्राहकाला कोणता चित्रपट आवडेल याचे भाकीत सुधारून देणाऱ्यास दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटी गुण, नावे काढून, खुले केले. टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवले, की एखाद्याने गुण दिलेले आठ चित्रपट ठाऊक असतील, त्यांतले दोन चुकीचे असले आणि तारखांत चौदा दिवसांचा फरक असला, तरीही ९९ टक्के नोंदी एकेकट्या ओळखता येतात. अशीच दुसरी स्पर्धा घेण्याचा बेत कंपनीने २०१० मध्ये सोडून दिला. मोबाईलच्या जागा आणि वेळा यांचेही तसेच. १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासून केलेल्या २०१३ च्या एका अभ्यासात, जागा व वेळ सांगणारे चार ठिपके ९५ टक्के लोकांना वेगळे काढायला पुरले. रात्री घर आणि दिवसा शाळा, एवढ्यातच आपण बरेच काही सांगून टाकतो.

पीठ आणि गहू

आणखी एक आश्वासन हमखास ऐकू येते : ‘आम्ही क्रमांकांचे न उलगडणाऱ्या संकेतात रूपांतर केले आहे.’ या प्रक्रियेला हॅश म्हणतात. क्रमांक सूत्रात घालायचा, की अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक माळ बाहेर पडते. त्या माळेवरून उलटे गणित करून मूळ क्रमांक काढता येत नाही, जसे पिठातून पुन्हा गहू मिळत नाहीत. हे खरेच आहे. पण बाजारात गव्हाचे वाण मोजकेच असतील तर? प्रत्येक वाण दळून बघायचा आणि पीठ ताडून पाहायचे.

न्यूयॉर्क शहरातील टॅक्सींच्या २०१३ मधील १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती २०१४ मध्ये खुली झाली, तेव्हा नेमके हेच घडले. टॅक्सींचे परवाना क्रमांक ठरावीक नमुन्यांचे असल्याने शक्य असे क्रमांक काही कोटीच होते. एका संगणक अभियंत्याने त्या सर्वांचे हॅश काढून यादी ताडून पाहिली आणि थोड्याच तासांत सारे क्रमांक उलगडले. आपल्याकडचे मोबाईल क्रमांक दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्यता ४०० कोटी. माणसाला हा आकडा अचाट वाटतो, संगणकाला नाही.

एक जूनची कृपा

मग उपाय काय? एक उपाय आपल्या जुन्या गुरुजींनी नकळत करून ठेवला होता. महाराष्ट्रात एका पिढीतल्या असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे. मुलाला शाळेत घालताना नेमकी तारीख सांगता आली नाही की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही तारीख लिहून टाकत. त्यावर विनोद पुष्कळ झाले, पण गोपनीयतेच्या दृष्टीने ही मंडळी भाग्यवान. ज्या खणात एकाऐवजी पन्नास माणसे आहेत, त्यातला नेमका एक कसा हुडकणार?

स्वीनी आणि इटलीच्या पिएरांजेला सामाराती यांनी १९९८ मध्ये हाच विचार शास्त्रीय रूपात मांडला : प्रत्येक खणात किमान ठरावीक संख्येने माणसे राहतील इतके रकाने मोघम करा. पूर्ण तारखेऐवजी वर्ष द्या, पिनकोडाचे शेवटचे आकडे गाळा. अर्थात यालाही मर्यादा आहे. खणातल्या पन्नासही जणांना एकच आजार असेल, तर माणूस न ओळखताही त्याचा आजार कळतोच.

दुसरा उपाय नाणेफेकीचा. १९६५ मध्ये स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेल्या कल्पनेचे हे सोपे रूप शाळेत जरूर करून पाहावे. दोनशे मुलांना विचारा, ‘परीक्षेत कधी कॉपी केली आहे का?’ प्रत्येकाने गुपचूप नाणे उडवायचे. छापा आला तर खरे उत्तर द्यायचे, काटा आला तर डोळे मिटून ‘हो’ म्हणायचे. समजा १३० ‘हो’ आले. त्यांतले सुमारे शंभर नाण्याचे. उरलेले तीस हे छापा पडलेल्या शंभरांतले. म्हणजे कॉपीचे प्रमाण साधारण ३० टक्के. शाळेला प्रमाण कळले, पण ‘हो’ म्हणणाऱ्या एकाही मुलाकडे बोट दाखवता येत नाही. माहितीत मोजूनमापून अनिश्चितता मिसळण्याच्या या विचाराला २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्के गणिती रूप दिले, आणि अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध करताना त्याचा वापर झाला.

फॉर्म भरण्याआधी

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. पण कायद्याच्या आधी ही माहिती शिक्षकांच्या हातून जाते. मुलांच्या याद्या करणारे, त्या संगणकावर चढवणारे आणि कधी मोबाईलवरच्या गटात टाकणारे आपणच. फीमाफी मिळालेली, औषध चालू असलेली किंवा वाचायला अडखळणारी मुले त्या यादीत असतात, आणि शेजारच्या पालकाला त्यांतले मूल ओळखायला तेहतीस प्रश्नही लागत नाहीत, दोन पुरतात.

म्हणून एखादी कंपनी शाळेला फुकट संगणकप्रणाली देऊ करते आणि ‘आम्ही नावे ठेवत नाही’ असे म्हणते, तेव्हा तिला एकच विचारावे : नाव नको असेल तर जन्मतारीख कशाला हवी? उत्तर पटले नाही तर तो रकाना कोरा ठेवावा. जी माहिती गोळाच केली नाही, ती कुणाला चोरता येत नाही, विकता येत नाही आणि चुकून प्रसिद्धही होत नाही.