नेम छोटा असावा

मंडळी, आजचा विषय दिसायला अगदी घरगुती आहे. चष्मा सापडत नाही. बीपीची गोळी राहून जाते. मुलगा वही उघडून तासभर बसतो, पण पहिली ओळ काही लिहून होत नाही. आपल्याकडे यावर झटकन निकाल लागतो: म्हातारा असेल तर विसराळू, पोरगा असेल तर आळशी. हा निकाल स्वभावावर दिलेला असतो, आणि एकदा स्वभाव ठरला की उपाय शोधायचं कारणच उरत नाही, उरतात ती बोलणी. म्हणून नेमकं काय अडतं, ते आधी पाहू.

मानसशास्त्रात याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आपण त्याला मनाचा कारभार म्हणू. त्यात मुख्यतः तीन कामं येतात. हातातली गोष्ट थोडा वेळ मनात धरून ठेवणं, समोरच्या ओढीला आवर घालणं, आणि परिस्थिती बदलली की विचाराची दिशा बदलणं. कपाळामागचा मेंदूचा भाग यात पुढाकार घेतो. तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि उतारवयात ही कामं मंदावू लागतात. झोप कमी झाली, काळजी वाढली, तर तरुणाचीही गडबड होते. एडीएचडी असलेल्या मुलांची तर लहानपणापासूनच ओढाताण होते. त्यांची बुद्धी कमी असते असं नाही. ठरवणं आणि करणं यांच्यामधला पूल कच्चा असतो.

आता आपल्या दारव्ह्याच्या शिवारातला शेतकरी पाहा. पेरणी, डवरणी, फवारणी, वेचणी, एवढा पसारा तो सांभाळतो. मग तोच माणूस रात्रीची गोळी कशी विसरतो? कारण शेत त्याला आठवण देतं. तण दिसलं की डवरा निघतो, बोंडं फुटली की वेचणी लागते. गोळी मात्र कपाटातल्या डब्यात असते, आणि ती काही हाक मारत नाही. जे काम डोळ्यांसमोर येऊन उभं राहतं, ते होतं. जे नुसतं डोक्यात ठेवावं लागतं, ते निसटतं. म्हणून आमचं सांगणं एवढंच, की डोक्यावरचा हा भार जागेवर आणि वेळेवर टाका.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने याच अंगाने अभ्यास केला. नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं बांधून घेतलेलं काम होण्याची शक्यता जास्त असते, असं त्याला दिसलं. ‘उद्यापासून फिरायला जाईन’ हा संकल्प झाला. ‘चहाचा कप खाली ठेवला की चपला घालीन’ ही व्यवस्था झाली. दुसऱ्या वाक्यात रोज नव्याने ठरवावं लागत नाही. कप ठेवणं हीच आठवण.

किती दिवसांत सवय लागते? एकवीस दिवस हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याच्यावर फार विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजची एक साधी कृती निवडायला सांगितली, आणि ती अंगवळणी कशी पडते ते १२ आठवडे तपासलं. साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुजली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस चुकला, तर फारसं बिघडलं नाही.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना पतंजली आठवतो. त्याने अभ्यासाच्या तीन अटी घातल्या: दीर्घ काळ, खंड न पडता, आणि आदराने. मग एक दिवस चुकला की सगळं वाया? तसं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजी ती उतरून घेत होते. म्हणून तो ग्रंथ आज आपल्या हातात आहे. मधले सहा दिवस प्रवचन नव्हतं, म्हणून खंड पडला असं कोणी म्हणेल का? पुढचा रविवार ठरलेला होता, यात नैरंतर्य होतं. पुन्हा कधी बसायचं हे ठरलेलं असलं, की चुकलेला दिवस हा फक्त एक चुकलेला दिवस राहतो.

तिसरी अट आदराची, आणि घरात आपण नेमकी तीच विसरतो. मुलाला रागावून वेळापत्रक भिंतीवर चिकटवलं, तर त्याला ती शिक्षा वाटते. त्याच्यासोबत बसून ‘दप्तर रात्रीच भरायचं, दाराजवळ ठेवायचं’ एवढंच ठरवलं, तर तो आधार होतो. आजोबांच्या गोळ्या वारांच्या खणांच्या डबीत भरून जेवायच्या जागेजवळ, नातवंडांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवल्या, तर ‘घेतली का?’ हा रोजचा वादच संपतो. रिकामा खण उत्तर देतो.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. चाळीस वर्षं चोख हिशेब ठेवणारा माणूस अचानक हिशेबात गोंधळू लागला, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागला, तर डबी आणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. मुलाची अडचण शाळेत, घरी, खेळात सगळीकडे दिसत असेल, तरीही तेच. नेम हा उपचाराला पर्याय नाही, तो उपचाराच्या जोडीला असतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर पाच गोष्टी ठरवू नका. एकच घ्या, आणि ती इतकी छोटी घ्या की दमलेल्या दिवशीसुद्धा होईल. ती कशाच्या मागोमाग करायची ते ठरवा, आणि तिचं सामान डोळ्यांसमोर ठेवा. ती अंगवळणी पडली, की मग दुसरीचा विचार करू.