अर्ध्या तासाच्या अंघोळीमागचे 360 कोटी लिटर

दुपारी तीनला खोली ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोडावी लागते. जपानी र्‍योकानांचा म्हणजे पारंपरिक सरायांचा हा सर्वसाधारण शिरस्ता. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामाचे तास भरतात 19. त्यातले सात-आठ झोपेत जातात, दोन-अडीच जेवणात आणि न्याहारीत. ज्यासाठी एवढ्या लांब यायचं, त्या गरम पाण्यात माणूस एका वेळी दहा मिनिटंच टिकतो, कारण ते 41-42 अंशांचं असतं. संध्याकाळी, झोपण्याआधी आणि पहाटे अशा तीन डुबक्या मारल्या, तरी एकूण हिशेब अर्ध्या तासाचा. उरलेला वेळ अंगात युकाता हा सुती झगा, खाली तातामीची चटई आणि हातात हिरवा चहा.

या अर्ध्या तासासाठी जपानच्या जमिनीतून काय काय वर येतं ते पाहू. देशभरात गरम पाण्याचे सुमारे 28 हजार उगम आहेत आणि मुक्कामाची सोय असलेली ओन्सेनची, म्हणजे गरम झऱ्यांच्या स्नानाची, ठिकाणं तीन हजारांच्या आसपास. या सगळ्या उगमांतून मिनिटाला सुमारे 25 लाख लिटर पाणी निघतं. दिवसाचे झाले 360 कोटी लिटर. मुंबई महापालिका सात तलावांतून अख्ख्या शहराला रोज साधारण 385 ते 400 कोटी लिटर पुरवते. मुंबईची तहान, स्वयंपाक, धुणी-भांडी सगळं जवळजवळ भागेल एवढं पाणी हा देश निव्वळ डुंबण्यासाठी वर काढतो. ‘वर काढतो’ हे शब्दशः खरं आहे. दोन-तृतीयांशाहून जास्त पाणी पंपाने उपसलेलं असतं. निसर्गाच्या औदार्याची गाणी गाताना विजेचं बिल विसरू नये.

ओन्सेन कशाला म्हणायचं, हेही 1948 च्या कायद्याने ठरवून दिलंय. उगमाशी पाणी किमान 25 अंशांचं हवं, नाहीतर यादीतल्या 19 घटकांपैकी एखादा तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात असावा. पहिली अट वाचून कोकणी माणसाला हसू येईल. त्याच्या परसातल्या साध्या विहिरीचं पाणीसुद्धा 25 अंशांच्या वरच असतं. आपली गरम पाण्याची उन्हाळी राहू द्या, या कायद्याने अर्धं कोकण ओन्सेन ठरेल!

पण कुसात्सूचं पाणी कुठल्याही विहिरीत सापडायचं नाही. गुन्मा प्रांतातल्या डोंगरावरच्या या गावात पंपाशिवाय, आपणहून मिनिटाला 32 हजार लिटरांहून जास्त पाणी उसळतं. आपणहून वाहणाऱ्या पाण्यात जपानमधलं हे पहिल्या क्रमांकाचं गाव. वस्ती सहा-साडेसहा हजारांची आणि वर्षाला येणारे पाहुणे 30 लाखांच्या वर, म्हणजे दर रहिवाशामागे साडेचारशेहून अधिक. जवळच्या ज्वालामुखीचे वायू पाण्यात विरघळतात, म्हणून त्याचा सामू 2 च्या आसपास, लिंबाच्या रसाइतका आंबट. लोखंडी खिळा त्यात आठवडा-दीड आठवड्यात विरून जातो. अंघोळ करणाऱ्याला हे आम्ल चालतं, त्वचेवरचे जंतू मरतात म्हणून लोक मुद्दाम येतात. पण हेच पाणी पुढे नदीत जातं आणि त्या नदीत मासा जगत नसे. काँक्रीटचे पूल आणि धरणंही टिकली नसती. म्हणून 1964 पासून तिथे एक कारखाना दिवसरात्र नदीत चुनखडीची भुकटी कालवून ओततोय, रोज 50 टनांहून जास्त. पाहुणा पाय पसरून निवांत बसावा म्हणून खालच्या अंगाला ही चुनखडी साठ वर्षं अखंड पडते आहे. मला सगळ्या ओन्सेन-आकड्यांत हाच सर्वांत थोर वाटतो, आणि पर्यटनाच्या पत्रकात तो क्वचितच दिसतो.

आता काळाचा हिशेब. यामानाशी प्रांतातल्या एका अरुंद दरीत केइउनकान नावाची सराई आहे, स्थापना इसवी सन 705. जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. तेव्हा वेरुळच्या कैलास लेण्याच्या खडकाला छिन्नी लागायची होती. ज्ञानेश्वरी सांगून झाली 1290 मध्ये, तेव्हा या सराईला 585 वर्षं झाली होती. आजवरच्या रात्री मोजल्या तर पावणेपाच लाखांच्या पुढे जातात. एकाच घराण्याच्या 52 पिढ्यांनी, दत्तक वारस धरून, ती चालवली. 2017 मध्ये मात्र वारस न उरल्याने गादी एका जुन्या कर्मचाऱ्याकडे गेली. तिथे 2005 मध्ये 888 मीटर खोल भोक पाडलं, त्यातून मिनिटाला 1,630 लिटर पाणी आपोआप येतं. खोल्या चाळिशीच्या आत. सगळ्या भरल्या आणि खोलीत दोघं धरले, तरी माणशी रोज 29 हजार लिटर! ते पुन्हा फिरवत नाहीत. हौदातून वाहून सरळ बाहेर जातं.

कोबेजवळच्या आरिमात काळ आणखी ताणला जातो. आसपास जिवंत ज्वालामुखी नाही, तरी उकळतं, समुद्राहून खारट पाणी वर येतं. वर्षाला काही सेंटिमीटरच्या गतीने जपानखाली सरकणाऱ्या फिलिपिन सागरी भूपट्टाबरोबर लाखो वर्षांपूर्वी जे समुद्राचं पाणी खाली गेलं, तेच दाबाने पिळून परत येतंय.

इतक्या प्रचंड पसाऱ्यापुढे माणसाने स्वतःसाठी राखलेला वेळ मात्र आक्रसत गेला. कोविडपूर्वी ओन्सेनच्या मुक्कामी वर्षाला सुमारे 13 कोटी माणूस-रात्री भरत, लोकसंख्येच्या मानाने दरडोई एक. जुनी ‘तोजी’ची, म्हणजे उपचारासाठी केलेल्या स्नान-मुक्कामाची, रीत वेगळी होती. सात दिवसांचं एक आवर्तन, अशी तीन, म्हणजे 21 दिवस एकाच पाण्यावर राहायचं. शेतकरी हंगाम संपल्यावर तांदूळ-मिसो पाठीवर घेऊन येत आणि सराईच्या चुलीवर रांधत. आता एक रात्र आणि दोन जेवणं हाच सौदा. र्‍योकानही आटले. 1980 मध्ये ते 83 हजार होते, 2017 पर्यंत 40 हजारांच्या खाली आले.

म्हणून जपानला निघणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगणं आहे. आठ दिवसांत सहा शहरं उरकणाऱ्या कार्यक्रमातली दोन खोडा आणि एकाच सराईत सलग तीन रात्री मागा. 19 तासांचे 67 होतील. शाकाहारी असाल तर तोहोकूतली नारुको किंवा हिजिओरी ही गावं बघा. तिथल्या काही जुन्या सरायांत पाहुण्यांना रांधायला अजूनही स्वयंपाकघर मिळतं. एरवी र्‍योकानच्या सुरेख थाळीत माशाचा अर्क कुठे ना कुठे असतोच. पाण्याचे वेगळे पैसे विचाराल, तर बहुतेक गावांत स्नानकर माणशी रात्रीला 150 येन आहे, शंभर रुपयांच्या आतच.