हिराकस : शाईतला, शेतातला आणि रक्तातला

हिराकस या नावात हिरा असला, तरी हिऱ्याशी त्याचे काही नाते नाही. लोखंड गंधकाच्या तेजाबात विरघळले की त्या द्रावणातून फिकट हिरवे खडे तयार होतात, तोच हिराकस. कृषी सेवा केंद्रात तो ‘फेरस सल्फेट’ या नावाने मिळतो. शुद्ध खड्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी आणि सुमारे वीस टक्के लोह असते. दमट हवेत उघडा राहिला की त्यावर तांबूस थर चढतो. म्हणजे लोहाचे रूप बदलते आणि त्याचा गुण उतरतो.

माझी त्याच्याशी ओळख शाईमुळे. ‘शाई’ हा शब्द फारसीतल्या ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणावरून आला. हिरड्याच्या किंवा माजूफळाच्या काढ्यात हिराकस घातला की शाई होते. लिहिताना ती फिकी दिसते, हवा लागली की काळी होत जाते आणि कागदात मुरते. प्रमाण चुकले, तर काही वर्षांनी तोच कागद खाते.

आता शेतात येऊ. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात काळी जमीन आहे, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असते, पण मुळांना घेता येईल अशा रूपात नसते. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि अडीच ग्रॅम चुना मिसळून, गाळून, फवारणी करण्याची शिफारस असते. मात्र पिवळेपणाची कारणे अनेक असतात, म्हणून आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारावे.

माणसाचेही असेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत बहुधा हेच फेरस सल्फेट असते, औषधासाठी शुद्ध केलेले. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या दिल्या जातात आणि बाळंतपणानंतरही तितक्याच. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते.

पण पुष्कळ घरांत ती पाकिटे कोनाड्यात तशीच पडलेली मी पाहतो. ‘गोळी गरम पडते’, असे सासूबाई सांगतात. शौचाला काळी होते म्हणून सून घाबरते. तो काळेपणा न शोषलेल्या लोहाचा असतो, त्यात भिण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. लिंबूपाण्याने लोह चांगले अंगी लागते. चहाने अडते, कारण चहातही हिरड्यासारखाच तुरट अंश असतो. म्हणजे गोळीवर चहा घेणे म्हणजे पोटात शाई करणे!

दोन गोष्टी मात्र कायम लक्षात ठेवाव्यात. दुकानातला हिराकस औषध म्हणून कधीही खाऊ नये. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. त्यांनी मूठभर गिळल्या तर जिवावर बेतते. पाकीट कोनाड्यात नको, उंच फळीवर ठेवा. पण रोज एक गोळी तिथून खाली येऊ द्या.