पाट ध्रुवाकडे, सुई कुलाब्याला
(लेखांक ६)

मे महिन्यात अचलपुरात माणसं गच्चीवरच झोपतात, त्यामुळे आकाश बघायला मुद्दाम उठावं लागत नाही. १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हान्लेला आकाश तांबडं झालं, त्याचे फोटो मोबाइलवर आले. दुसऱ्या रात्री मीही मेळघाटच्या डोंगरांकडे तोंड करून बसलो. शेजारच्या गच्चीवरून विचारणा झाली, "काही दिसून राह्यलं का भाऊ?" परतवाड्याच्या दिव्यांचा उजेड तेवढा दिसत होता.

सूर्यावरून सुटलेला भारित कणांचा लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळतो, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. पुढचं संत्र्याच्या बागेत समजतं. पाणी मन मानेल तिकडे जात नाही, पाट नेईल तिकडे जातं. भारित कणांचे पाट म्हणजे चुंबकीय रेषा. अचलपुरावर त्या बऱ्याचशा आडव्या, ध्रुवांजवळ जवळजवळ उभ्या. सूर्याच्या उलट बाजूला लांबलेल्या कवचाच्या शेपटीत साठलेली ऊर्जा सुटली की इलेक्ट्रॉन या उभ्या पाटांनी खाली येतात. उत्तरेत नॉर्वे, अलास्का, कॅनडाच्या डोक्यावर आणि दक्षिणेत अंटार्क्टिकावर, जिथे आपली मैत्री आणि भारती ही केंद्रं आहेत.

शंभर-दीडशे किलोमीटरवर ते ऑक्सिजनला धडकले की हिरवा उजेड, दोनशेच्या वर तांबडा; हाच अरोरा. तांबड्याची गंमत वेगळीच. चेतलेला अणू तो प्रकाश सोडायला जवळपास दोन मिनिटं लावतो. खालच्या दाटीत तेवढ्यात दुसरा कुणी धक्का देतो आणि उजेड राहूनच जातो. वर मोकळं असतं, म्हणून तिथेच तो फुलतो. हान्लेइतक्या दुरून फार उंचावरचाच प्रकाश क्षितिजावर डोकावतो, म्हणून तो तांबडा.

डोळ्यांना न दिसणारा परिणाम जास्त खर्चाचा. ध्रुवांवरची विरळ हवा तापते आणि दुधासारखी वर येते. ही ऊब वाऱ्यांबरोबर विषुववृत्ताकडेही सरकते. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ उपग्रह अशा फुगलेल्या हवेत सापडले आणि जवळपास चाळीस गेले. ते चुंबकीय वादळ तसं किरकोळच होतं.

मात्र वऱ्हाडात दिसत नाही म्हणजे पोचत नाही, असं समजू नका. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावरचा भडका पाहिला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे साधारण चार टक्क्यांनी कोसळला. त्या काळी निरीक्षक मापकावर डोळा ठेवून आकडे टिपत. या महावादळाचा जोर मोजायला शास्त्रज्ञ आजही त्याच वह्या उघडतात. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर मुंबईच्या आकाशात अरोरा दिसल्याची बातमी तिथल्या वर्तमानपत्रात छापून आली, आणि मुंबई आपल्यापेक्षा दोन अंशांनी दक्षिणेला!

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याची ही मोजणी धोक्यात आली. रुळांतला प्रवाह मापकाच्या चुंबकीय सुईला सूर्याइतकाच छळणार. नानाभाई मूस यांनी अलिबागला जागा शोधली आणि १९०४ मध्ये लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी झाली, जुने आकडे नव्यांशी जुळतात की नाही हे बघायला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर सुई समुद्रापलीकडे पोचली होती.

(पुढील आठवड्यात : आदित्य-एल१)