न उचललेल्या पगाराचं घर

संपादकांनी कामगार कल्याण केंद्रांवर लिहायला सांगितलं, तेव्हा कॅरम, वाचनालय आणि नाट्यस्पर्धा एवढंच डोळ्यांपुढे आलं. मन गुंतलं ते या केंद्रांना पोसणाऱ्या पैशात.

मुंबईच्या गिरणगावात घर म्हणजे पाठ टेकण्यापुरती जागा. १९२० ते १९२५ च्या दरम्यान उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे गाळ्यातली माणसं पाळ्यापाळ्यांनी झोपत. पाळी सुटल्यावर बसायचं कुठे? मुंबई सरकारने १९३९ मध्ये कल्याण केंद्रं काढली. पुढे १९५३ च्या कायद्याने त्यांच्यासाठी निधी आणि स्वतंत्र मंडळ आलं.

या निधीत कामगार, मालक आणि सरकार यांची वर्गणी जमते. शिवाय कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि न उचललेला पगारही. कुणी आजारी पडून गावी जाई तो परतत नसे, कुणी पगाराआधीच वारे. तीन वर्षं पडून राहिलेली ही रक्कम मालकाच्या तिजोरीत का राहावी? कायद्याने ती निधीकडे वळवली. बॉम्बे डाइंग गिरणीने हरकत घेतली आणि १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द ठरवलं: मालकाकडून पैसे घेता, पण कामगाराचं त्याच्यावरचं देणं तसंच राहतं. सरकारने हार मानली नाही. पुढे कायद्यात केलेल्या दुरुस्तीने पैसे भरल्यावर मालक मोकळा झाला आणि कामगाराला मंडळाकडे दावा सांगायची वाट मिळाली. एका माणसाचा घाम दुसऱ्याच्या नफ्यात जिरू नये, या आग्रहाला माझा सलाम आहे.

तो आग्रह केंद्रातल्या शिवणवर्गात हाताला लागतो. शिक्षिका वर्तमानपत्रावर ब्लाऊजचा नमुना आखतात, मुंढ्याशी पेन्सिल थांबवतात. ‘‘इथली गोलाई चुकली की बाही ओढते, बाई,’’ असं म्हणून कागद पुन्हा कापायला लावतात. कापड नंतर. शिकणारीचा एक वारही वाया जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

काळजी वाटते ती पुढची. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा कणा मोडला आणि केंद्रांभोवतीची कामगार वस्ती पांगली. आज जून आणि डिसेंबरच्या पगारातून कल्याण निधीची किरकोळ रक्कम कापली जाते ती कार्यालयांतल्या मुलामुलींचीही. त्यातल्या कितीतरी जणांना ही केंद्रं आपली आहेत याचा पत्ताच नसतो. उलट घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा कुणाच्याच हजेरीपटावर नाही. पुढची ऑर्डर येईपर्यंत तो फुटपाथवर बसतो. ‘बसायचं कुठे?’ हा गिरणी कामगाराचा प्रश्न आता त्याचा आहे.

म्हणून केंद्रांनी त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत उघडं राहावं, आणि त्याच्या कामावर कमावणाऱ्या कंपन्यांनी निधीत वाटा भरावा. पडून राहिलेल्या पगारासाठी एकदा कायदा बदलला. राबणाऱ्या माणसासाठी तो पुन्हा बदलायला हवा.