गोळी घेतली की चित्र संपतं?

‘चित्रकार म्हटल्यावर मूडी असणारच!’ सिडनीतलं ब्लॅकटाउन काय नि डोंबिवली काय, बायपोलर या मनोविकारावर पहिलं पांघरूण घालतं ते हेच वाक्य. मूड सगळ्यांचेच बदलतात. या आजारातलं उधाण, म्हणजे मेनिया, साधारण आठवडाभर किंवा जास्त टिकतं. दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं आवरत नाही, क्रेडिट कार्ड रिकामं होतं. नैराश्य दोन आठवडे ते काही महिने ठाण मांडतं. अधल्यामधल्या काळात माणूस पुष्कळदा नीट असतो, म्हणून घरच्यांना ते सारं ‘नाटक’ वाटतं.

कलावंतांना खरी भीती गोळीची. बायपोलरवरच्या लिथियम या औषधाने रंग फिके पडतील, हात थंडावेल! हा उपचार ऑस्ट्रेलियातलाच. मेलबर्नचे डॉ. जॉन केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि 1949 साली निष्कर्ष छापले. प्रमाण चुकलं तर ते विषारी ठरतं, हेही त्यांच्या पहिल्याच रुग्णाच्या मृत्यूने दिसलं; म्हणून आज रक्ततपासणी ठरलेली. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी लिथियम घेणाऱ्या 24 कलावंतांनाच विचारलं. 1979 साली त्यांनी उत्तरं प्रसिद्ध केली: 12 जणांचं काम वाढलं होतं, सहांचं तेवढंच राहिलं, सहांचं घटलं. नमुना लहान आहे, आणि त्या शेवटच्या सहांना मी झटकून टाकणार नाही. हात थरथरणं हा लिथियमचा खराच त्रास. ब्रश धरणाऱ्याने तो डॉक्टरांना सांगावा, मात्रा बदलता येते. परस्पर गोळी बंद करणं मात्र धोक्याचं, आजार जोरात उलटतो.

दुसऱ्या टोकाला ‘चित्रं काढ, बरी होशील’ म्हणणारे. चित्र औषधाची जागा घेत नाही, पण साक्षीदार उत्तम होतं. स्केचबुकाच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहावेत. सात, सात, साडेसहा, चार, तीन... आणि त्याच पानांवर रेघा कागदाबाहेर धावू लागलेल्या. उधाणात प्रत्येक चित्र अजरामर वाटतं. आकडे खोटं बोलत नाहीत. अशी वही भेटीला नेली तर डॉक्टरांना ‘कसं वाटतंय?’ यापेक्षा बरंच काही कळतं.

‘लग्न झालं की ताळ्यावर येईल’ हा सल्ला सिडनीपर्यंत पोचलाय. उलट लग्नानंतर मूल झालं तर बाळंतपणानंतरचे आठवडे या आजारात विशेष जोखमीचे असतात.

इथल्या काही गोष्टी वेगळ्या. पश्चिम सिडनीच्या उन्हाळ्यात घाम गेला, पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी उपवासानेही तेच. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन घेतली तरी तेच. मुंबईहून येताना विमानात मोडलेली झोपही मेनियाला निमित्त होऊ शकते, तेव्हा प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोलावं.

उपचाराची सुरुवात जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून होते. तिथे मराठीत बोलायचं असेल तर दुभाष्याची सेवा 131 450 वर मिळते. न्यू साउथ वेल्सची मानसिक आरोग्य लाइन 1800 011 511 चोवीस तास चालू असते. जिवावर बेतलं असेल तर 000.